चिनी मातीचा हातबॉम्ब

लोणच्याची बरणी हातातून निसटली की तिच्या ठिकऱ्या उडतात. चिनी मातीचा हाच ठिसूळपणा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानने शस्त्रात वापरला, तोही नाइलाजाने.

जपानी पायदळाचा नेहमीचा हातबॉम्ब म्हणजे '९७ नमुना'. जपानच्या पारंपरिक राजशकातले २५९७ वे वर्ष म्हणजे इ. स. १९३७, त्यातले शेवटचे दोन आकडे नावात आले. कवच ओतीव लोखंडाचे, वर खाचा पाडलेले, आणि एकूण वजन सुमारे साडेचारशे ग्रॅम. (या खाचांवरूनच तुकडे पडतात असे आपण समजतो, प्रत्यक्षात ओतीव लोखंड खाचांबरहुकूम फुटतेच असे नाही.) सैनिक खीळ काढून बॉम्बचे डोके शिरस्त्राणावर किंवा दगडावर आपटत असे. त्याने वात पेटे आणि चार-पाच सेकंदांत स्फोट होई.

पण लोखंड आणायचे कुठून? अमेरिकेने १९४० मध्ये भंगाराची निर्यात रोखली. १९४१ मध्ये जपानी सरकारने धातू गोळा करण्याचा हुकूम काढला आणि देवळांच्या घंटा भट्टीत गेल्या. टोकियोतील शिबुया स्थानकासमोरचा हाचिको या इमानी कुत्र्याचा कांस्य पुतळाही वाचला नाही. मालवाहू जहाजे तर पाणबुड्या बुडवीतच होत्या.

माती मात्र देशात भरपूर होती, आणि ती भाजणारे हातही. आरिता, सेतो, बिझेन ही कुंभारकामाची जुनी गावे. आरिताची भांडी सतराव्या शतकात डच जहाजांतून युरोपात जात. त्याच भट्ट्यांतून आता '४ नमुन्याचे' पोकळ गोळे निघू लागले. (हा ४ म्हणजे राजशक २६०४, अर्थात १९४४.) त्याला तोंडावर रबरी टोपण असे. ते काढून वातीचे टोक काडेपेटीतल्या काडीसारखे घासून पेटवायचे. १९४५ मध्ये चिनी मातीची नाणीही घडवली गेली, पण ती चलनात येण्याआधीच युद्ध संपले.

हा बॉम्ब लोखंडी बॉम्बच्या तोडीचा होता का? नाही. ओतीव लोखंडाची घनता सुमारे ७.२, चिनी मातीची सुमारे २.४. म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा एक-तृतीयांश वजनाचा. हवेचा रोध आकारावर ठरतो. तो दोन्ही तुकड्यांना सारखाच, पण हलक्या तुकड्याचा वेग फार लवकर मंदावतो. वेग सारखा धरला तरी त्याची गतिज ऊर्जा तिसरा हिस्साच. जवळ मात्र तोही जीवघेणाच होता.

हे बॉम्ब इवो जिमा व ओकिनावाच्या लढायांत वापरले गेले. जपानच्या मुख्य भूमीवर ते नागरिकांच्या स्वयंसेवक दलांनाही वाटले. ओकिनावात तर लष्कराने सामान्य लोकांच्या हाती हातबॉम्ब दिले होते, शत्रूसाठी आणि स्वतःसाठीही. मार्च १९४५ मध्ये तोकाशिकी बेटावर कुटुंबेच्या कुटुंबे त्यांनी मेली. काही बॉम्ब फुटलेच नाहीत, म्हणून काही जण वाचले. पुढे २००७ मध्ये शालेय पाठ्यपुस्तकांतून या मृत्यूंमागचा लष्कराचा हात पुसट केला गेला, तेव्हा ओकिनावात प्रचंड निषेधसभा झाली. त्या वर्षाअखेरीस लष्कराच्या सहभागाचा उल्लेख काही अंशी परत आला.

न वापरलेले गोळे युद्धानंतर फेकून देण्यात आले. सैतामा प्रांतातील बिन्नुमा नदीच्या काठी त्यांच्या खापऱ्या आजही सापडतात.