शाळेचे दहा हजार: कौलं, खिचडी की टीव्ही?

आजचा भाग शाळेच्या पैशांचा. विषय रुक्ष वाटला तरी आधी एक आकडा ऐका. ज्या सरकारी शाळेचा पट ३० पर्यंत आहे, तिला समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे वर्षाला १०,००० रुपये शाळा अनुदान मिळतं. खडू, रजिस्टरं, वीजबिल, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. शिवाय त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. आपल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्यावाड्यांत अशा छोट्या शाळा भरपूर. मग आधी खर्च करायचा कशावर? हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे, म्हणून आज जरा मागे जाऊया.

ब्रिटिश काळात सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि सावंतवाडीचं संस्थान वेगळं. १८६३-६४ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला लागले. तो लोकल फंड. त्याचे दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. म्हणजे कुणी १६ रुपये सारा भरला, तर शाळेच्या वाट्याला जेमतेम सव्वापाच आणे. प्राधान्यक्रम सरकारने आधीच ठरवलेला: रस्ता आधी, शाळा नंतर.

यावर सगळ्यात कडक बोलले जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांचा मुद्दा साधा होता. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, पैसा आधी तिथे द्या, अशी मागणी केली. पैसा कुणाचा आणि खर्च कुणावर, हा शाळेच्या बजेटमधला मूळ प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारून ठेवलाय.

कोकणात आणखी एक पिशवी होती, मुंबईची. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर घरं चालली, तशा मुंबईच्या पैशावर शाळाही उभ्या राहिल्या. मालवणचं टोपीवाला हायस्कूल ज्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाल्यांच्या नावाने आहे, ते मुंबईत मोठे झालेले आपल्याकडचेच व्यापारी. देणगीचा पैसा मात्र बहुतेकदा इमारतीकडे जातो, कारण इमारतीवर नाव लागतं. खडूवर कोण नाव लावणार?

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून १९८७ ला खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे, तक्ते, खेळणी. स्वातंत्र्याला ४० वर्षं झाल्यावर देशाला फळ्यासाठी मोहीम काढावी लागली!

मग आला भात. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, पण अनेक राज्यांत, आपल्याकडेही, कोरडं धान्य मिळायचं. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो. मी त्याच पिढीतला, पिशवीतून तांदूळ घरी नेणारा. तो तांदूळ घरात सगळ्यांच्याच ताटात जायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळेत शिजवलेलं अन्नच द्या, आणि खिचडी आली. शाळेच्या खर्चात जेवण हा मुलांचा हक्क झाला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण वाटतं.

२०१५ नंतर डिजिटल शाळांची लाट आली. टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब. बऱ्याच ठिकाणी ही लोकवर्गणीची कमाल होती. पण वर्गणीतून टीव्ही येतो, दर महिन्याचं वीजबिल कुठून येणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुसरी बाजू दिसली. शाळा ऑनलाइन झाल्या आणि आपल्याकडची पोरं रेंज शोधत डोंगरावर चढली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, किनाऱ्यावर कौलं-पत्रे उडाले. छप्परच नसेल तर टीव्ही लावणार कुठे?

आता आजचा हिशेब करू. १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलाच्या जेवणाला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या रकमेत. १२ मुलांची शाळा धरा: दिवसाला ८१ रुपये. २०० मुलांच्या शाळेला १,३५६ रुपये मिळतात, तिथे घाऊक खरेदी तरी जमते. ८१ रुपयांत मालवणच्या बाजारात काय येतं, ते आईला विचारा.

अंड्याची गोष्ट तर ताजी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून जमवा असं सांगितलं. म्हणजे पुन्हा गावाच्याच खिशात हात!

मला यात एक धागा दिसतो. पैसा वरून येताना कप्पा ठरवूनच येतो: हा तांदळाचा, हा टीव्हीचा, हा स्वच्छतेचा. आणि बराचसा पैसा डोकी मोजून येतो. पण १२ मुलं असोत की ६०, कौलं पावसाआधी शाकारावीच लागतात. त्यामुळे पट घसरला की शाळा कागदावर 'महाग' दिसते. २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय राज्याने घेतला, तो याच गणितातून. खाडीपलीकडच्या वाडीतल्या पहिलीच्या पोराची पायपीट त्या गणितात कुठे बसते?

मग आपल्या हातात काय? शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिलीय. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. तुमच्या घरात धाकटा भाऊ किंवा पुतणी झेडपीच्या शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीला आईला किंवा वहिनीला आवर्जून पाठवा. हिशेब मागायला सांगा. गावातल्या कुणाला टीव्ही द्यायचा असेल, तर त्याला विचारा, बाबा, सोबत दोन वर्षांचं वीजबिल पण भरशील काय?

तुमच्या शाळेत आधी काय आलं, पंखा, संगणक की स्वयंपाकाची शेड? व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकूया. येवा, कोकण आपलाच आसा!