एका ढेकळातले शेजारी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून आपल्याला माहीत आहे. गाव कयाधू नदीच्या काठी वसले आहे. तिथल्या शेतातले काळ्या मातीचे एक ढेकूळ उचलले, तर त्यातल्या एकेका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांच्या प्रजातीही हजारोंनी. अन्न बहुतेकांचे सारखेच : कुजणारा पालापाचोळा आणि मुळांतून पाझरणारे रस. मग सर्वांत वेगाने वाढणाऱ्या प्रजातीने बाकीच्यांना केव्हाच का संपवले नाही?

या प्रश्नाला मॉस्कोतील गेओर्गी गाउझे या तरुण जीवशास्त्रज्ञाने प्रयोगाने हात घातला. पॅरामेशियमच्या दोन प्रजाती त्याने वेगवेगळ्या नळ्यांत वाढवल्या. दोन्ही छान वाढल्या. एकाच नळीत एकच अन्न देऊन ठेवल्या, तेव्हा मात्र काही आठवड्यांत एक नाहीशी झाली. 1934 साली हे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. एकाच गरजेवर जगणाऱ्या दोन प्रजाती कायम एकत्र नांदू शकत नाहीत, हा नियम आज गाउझेच्या नावाने ओळखला जातो.

पण गाउझेच्या प्रयोगांना दुसरी बाजूही आहे. जोडीदार बदलल्यावर दोन्ही प्रजाती टिकल्या. एक वरच्या पाण्यात तरंगणारे जीवाणू खात होती, दुसरी तळाशी बसलेले यीस्ट. नळी एकच, पण घरे दोन!

पुढे 1942 मध्ये याच गाउझेने आपल्या पत्नीसह मॉस्कोच्या मातीतील एका जीवाणूपासून ग्रॅमिसिडिन एस हे प्रतिजैविक मिळवले. युद्धातील जखमींसाठी ते वापरले गेले. आपल्याकडे 1960च्या दशकात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते बनवणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावातच पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

मातीत अशी विषे बनत असताना दुबळे टिकतात कसे? 2002 साली ई. कोलाय या जीवाणूच्या तीन प्रकारांवर प्रयोग झाला. पहिला प्रकार विष बनवणारा, दुसरा विषाला बळी पडणारा, तिसरा विष पचवणारा. विष बनवणारा बळी पडणाऱ्याला मारतो. विष पचवण्याची किंमत मोजावी लागत नसल्याने बळी पडणारा पचवणाऱ्यापेक्षा वेगाने वाढतो. आणि विष बनवण्याचा खर्च नसल्याने पचवणारा बनवणाऱ्याला मागे टाकतो. मुलांच्या दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखेच हे. बशीतल्या स्थिर थरावर तिघेही टिकले. चंबूत द्रावण सतत ढवळले, तेव्हा विष पचवणारा एकटाच उरला.

मातीचे ढेकूळ त्या बशीसारखे आहे. त्यात असंख्य फटी, कोरडे-ओले कोपरे, हवेशीर आणि हवाबंद जागा असतात. भांडण मिटलेले नसते. प्रत्येकाला आपापला कोपरा मिळालेला असतो.

वर्गात हे दाखवता येईल. काचेच्या उभ्या बरणीत नदीचा गाळ, कागदाचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कालवून वर पाणी घालावे. झाकण लावून बरणी उजेडात ठेवावी आणि न हलवता काही आठवडे पाहावी. हळूहळू हिरवे, तांबूस, काळे पट्टे दिसू लागतील. कोणता रंग कोणत्या उंचीवर आणि का, हे आपण सांगण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे.