अनुभव आणि अध्यापन : भारतीय पोलीस प्रशिक्षकाच्या स्थानाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतातील पोलीस यंत्रणेचा इतिहास बहुधा कायदे, आयोग आणि दडपशाही या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. या इतिहासात नायब राज्यपाल येतात, आयोगाचे अध्यक्ष येतात, लाठीमार करणारे शिपाई आणि लाठी खाणारे सत्याग्रही येतात. शिपायाला शिपाई आणि फौजदाराला फौजदार बनविणारा माणूस, म्हणजेच पोलीस प्रशिक्षक, मात्र त्यात क्वचितच दिसतो. वास्तविक कायद्याचा कागद आणि ठाण्यातील प्रत्यक्ष वर्तन यांच्यामधला दुवा तोच होय. पोलिसांना कोणी शिकवावे, ज्याने आयुष्यभर तपास केला त्याने की ज्याने शास्त्राचा अभ्यास केला त्याने, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित झाला आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही. अनुभवी अधिकाऱ्याला वर्गात आणण्याचे प्रयत्न कसे झाले, त्यात कोणते अडथळे आले आणि त्या अनुभवातून नेमके काय शिकविले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन प्रामुख्याने मुंबई इलाखा व त्यानंतरचे महाराष्ट्र राज्य यांच्या संदर्भात असून आवश्यक तेथे अन्य प्रांतांचा आधार घेतला आहे.

ठाणे हीच शाळा :

सर चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंध प्रांतात आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस दल उभारले आणि पुढे तोच नमुना इतर प्रांतांनी स्वीकारला. १८५७ च्या उठावानंतर १८६० चा पोलीस आयोग व १८६१ चा पोलीस कायदा आला. मुंबई इलाख्याचा कारभार मात्र १८६७ व १८९० च्या स्वतंत्र जिल्हा पोलीस कायद्यांनी चालत असे, ही बाब पाठ्यपुस्तकांतून बहुधा निसटते. या सर्व कायद्यांत हुद्दे, अधिकार आणि शिक्षा यांची तपशीलवार मांडणी आहे. शिक्षणाचा विचार जवळजवळ नाही. नवा शिपाई जिल्ह्याच्या मुख्यालयात कवायत शिकत असे आणि उरलेले सर्व ठाण्यात जुन्या हवालदाराच्या हाताखाली. १८९३ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा देऊन येणारे तरुण इंग्रज अधिकारीही याला अपवाद नव्हते. विशीच्या आसपासचा साहेब जिल्ह्यात दाखल होई तेव्हा भाषा, जातीपातींचे व्यवहार, गावातील वैरे आणि गुन्ह्यांच्या पद्धती यांची ओळख त्याला त्याच्याच हाताखालच्या एतद्देशीय जमादाराकडून व मुन्शीकडून करून घ्यावी लागे. हुद्द्याने शिष्य वर आणि गुरू खाली, अशी ही विलक्षण गुरुकुल पद्धती होती.

ठाण्यातील या शिक्षणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. महसूल वसुलीसाठी व कबुलीजबाबासाठी शारीरिक छळ सर्रास होत असल्याचे त्यातून पुढे आले. परिणामी पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य धरू नये, असे तत्त्व १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ व २६ मध्ये ते स्थिर झाले. कलम २७ ने मात्र एक दार उघडे ठेवले. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुरावा म्हणून चालेल, अशी ती तरतूद होय. म्हणजे पोलिसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, असे ज्या कायद्याने सांगितले त्यानेच त्या अविश्वासातून बाहेर पडण्याची वाटही दाखविली. ठाण्यातील जुन्या माणसाचा ‘अनुभव’ याच वाटेवर जमा होत गेला. माहिती कशी ‘काढावी’ आणि ती कलम २७ मध्ये कशी बसवावी, हा पिढ्यानपिढ्या तोंडी शिकविला गेलेला धडा होता आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नव्हता.

फ्रेझर आयोग आणि भांबुर्ड्याची शाळा :

लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९०३ मध्ये तयार झाला आणि १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याचे प्रशिक्षण व संघटन सदोष आहे, देखरेख अपुरी आहे आणि लोकांत त्याची प्रतिमा भ्रष्ट व जुलमी अशी आहे, असा या अहवालाचा आशय होता. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारच्याच हाताबद्दल इतके स्पष्ट लिहावे, ही गोष्ट आजही लक्षणीय वाटते. अधिकाऱ्यांसाठी प्रांतिक प्रशिक्षण शाळा आणि शिपायांसाठी मध्यवर्ती शाळा काढाव्यात, ही त्याची महत्त्वाची शिफारस होय. पंजाबात फिल्लौरच्या किल्ल्यात १८९१ पासून अशी शाळा होती. मुंबई इलाख्यात १९०६ मध्ये पुण्याजवळील भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथे पोलीस प्रशिक्षण शाळा सुरू झाली व १९०९ मध्ये ती नाशिकला हलविण्यात आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्यास आधार नाही. परंतु ज्या शहरात फौजदार घडविण्याचे काम सुरू झाले त्याच शहरात त्या फौजदारांपुढचे सर्वांत अवघड राजकीय आव्हान उभे होते, हे नोंदविणे योग्य ठरेल.

शाळा झाली तरी शिकविणार कोण, हा प्रश्न राहिलाच. प्राचार्यपदी इंग्रज पोलीस अधिकारी असे. त्याच्या हाताखाली दोन प्रकारचे शिक्षक दिसतात. पहिला कवायत निदेशक, ज्याला देशभरच्या पोलीस शाळांत आजही ‘उस्ताद’ म्हटले जाते. दुसरा कायदा शिकविणारा. मैदान उस्तादाचे आणि वर्ग कलमांचा, अशी विभागणी झाली. तिच्यामुळे ज्या कौशल्यासाठी अनुभवी माणसाची खरी गरज होती ते तपासाचे कौशल्य दोहोंच्या मधल्या फटीत पडले. एरिक ब्लेअर, म्हणजे पुढचे जॉर्ज ऑर्वेल, १९२२ मध्ये तत्कालीन हिंदुस्थानचाच भाग असलेल्या ब्रह्मदेशात मंडाले येथील पोलीस शाळेत दाखल झाले. तेथेही भाषा, कायदा आणि पोलीस कार्यपद्धती हेच विषय होते. नोकरीत प्रत्यक्ष काय करावे लागते हे ते शाळेबाहेरच शिकले आणि त्यांच्या लेखनात त्याचा सल उतरला.

पंचनाम्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. पंचनामा कोणत्या कलमाखाली करावयाचा हे कायद्याचा शिक्षक सांगू शकतो. परंतु घटनास्थळी प्रथम काय पाहावे, चतुःसीमा कशा नोंदवाव्यात, रक्ताचा डाग आणि दार यांतील अंतर कोणत्या स्थिर खुणेपासून मोजावे, मुद्देमाल पंचांसमक्ष कसा मोहोरबंद करावा, हे ज्याने रात्री कंदिलाच्या उजेडात असे शंभर पंचनामे लिहिले आहेत तोच शिकवू शकतो. न्यायालयात उलटतपासणीत आपला पंचनामा कोसळताना ज्याने पाहिला त्याचा धडा तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्याचबरोबर नेहमीचेच पंच कसे बोलवावेत आणि ठाण्यात बसून घटनास्थळाचे वर्णन कसे पूर्ण करावे, हेही हाच अनुभवी माणूस शिकवू शकतो. कौशल्य आणि खोड एकाच हातातून पुढच्या पिढीकडे जातात. अनुभवी प्रशिक्षकाच्या प्रश्नातील खरी अडचण येथे आहे. केवळ वेतन आणि बदली यांच्या अंगाने पाहिल्यास ती दिसत नाही.

अनुभवाचे शास्त्र :

अनुभवाला शास्त्राचे रूप देण्याचे काही प्रयत्न याच काळात झाले आणि त्यांतील दोन भारताशी थेट संबंधित आहेत. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन उपनिरीक्षकांनी बोटांच्या ठशांचे वर्गीकरण सिद्ध केले. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ कप्प्यांत ठसे लावण्याची गणिती मांडणी हक यांची होती. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठसे विभाग सुरू झाला. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचे मिळाले. हक व बोस यांना मानधन व किताब मिळण्यास आणखी बराच काळ जावा लागला. हेन्री १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात गेले, १९०३ मध्ये लंडनचे पोलीस आयुक्त झाले आणि १९०७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत लंडन पोलिसांसाठी ‘पील हाउस’ ही प्रशिक्षण शाळा उघडली. नाशिकच्या शाळेची परंपरा भांबुर्ड्यापासून धरली तर ती लंडनच्या या शाळेपेक्षा एक वर्षाने जुनी ठरते. वसाहतीने मातृदेशाकडून सर्व काही घेतले, या समजुतीला हा छोटा तपशील छेद देतो.

दुसरे उदाहरण ग्रंथाचे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील हान्स ग्रोस यांनी तपासाधिकारी न्यायदंडाधिकारी म्हणून केलेल्या कामाच्या आधारे १८९३ मध्ये गुन्हे तपासाचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये मद्रास येथे दोन सरकारी वकिलांनी केले आणि हिंदुस्थानातील परिस्थितीला अनुसरून त्यात भर घातली. ग्रोस यांचे लेखन वाचणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर हे एक होते. व्होल्मर यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच होते. तरीही त्यांनी १९०८ मध्ये आपल्या शिपायांसाठी शाळा काढली, विद्यापीठातील प्राध्यापकांना तेथे शिकविण्यास बोलाविले आणि पुढे ते स्वतःच विद्यापीठात पोलीस प्रशासनाचे प्राध्यापक झाले. पोलीस आणि प्राध्यापक एका फळ्यासमोर आणण्याचा हा प्रयोग भारतात मात्र त्या काळी झाला नाही. येथील विद्यापीठे राष्ट्रीय चळवळीची केंद्रे होती आणि पोलीस त्यांच्या दारात लाठी घेऊन उभे होते. परस्परांकडून शिकण्याइतका विश्वास उभयपक्षी नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि गोरे समिती :

१९४८ मध्ये माउंट अबू येथे केंद्रीय पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय स्थापन झाले. हीच संस्था १९७४ मध्ये सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली व १९७५ मध्ये हैदराबादला गेली. तपासाच्या शिक्षणासाठी केंद्राने कलकत्ता (१९५८), हैदराबाद (१९६४) व चंदीगड (१९७३) येथे गुन्हे अन्वेषण प्रशिक्षण शाळा काढल्या. फ्रेझर आयोगानंतर मैदान आणि कलमे यांच्या फटीत पडलेला विषय येथे प्रथमच स्वतंत्रपणे हाताळला गेला.

नोव्हेंबर १९७१ मध्ये केंद्र शासनाने पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद पोलीस अधिकाऱ्याकडे न देता टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे यांच्याकडे देण्यात आले, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या गोरे यांनी १९७३ मध्ये अहवाल सादर केला. त्यात १८६ शिफारशी होत्या व त्यांपैकी ४५ पोलीस सुधारणांशी संबंधित होत्या. प्रशिक्षणाची आबाळ, अपुरी साधने आणि नको असलेल्या माणसांची प्रशिक्षण संस्थांत केली जाणारी रवानगी यांवर समितीने बोट ठेवले. कायदा व कवायत यांच्या जोडीला समाजशास्त्र व मानसशास्त्र यावे आणि पोलीस प्रशिक्षकांबरोबर बाहेरील अध्यापकही असावेत, हा तिचा आग्रह होता. प्रशिक्षणविषयक शिफारशी बहुतांशी अमलात आल्याचे शासकीय पातळीवर सांगितले जाते. अभ्यासक्रमांपुरते ते खरे असेल. माणसांबाबत ते मान्य करणे कठीण आहे. कारण प्रशिक्षण संस्थेतील नेमणूक ही शिक्षा मानली जाते, हीच तक्रार दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाच्या २००७ मधील अहवालातही आढळते.

याचे कारण शोधणे अवघड नाही. ठाण्याचा प्रमुख असलेल्या निरीक्षकाला अधिकार आहे, परिसरात वजन आहे. प्रशिक्षण केंद्रावरील निरीक्षकाला तासांचे वेळापत्रक आहे. केंद्र शासनाने १९८७ मध्ये आपल्या प्रशिक्षण संस्थांतील प्रतिनियुक्त अध्यापकांसाठी मूळ वेतनाच्या ३० टक्के भत्ता मंजूर केला. पैशाने वजनाची भरपाई होते, हे गृहीतक त्यामागे असावे. ज्या अधिकाऱ्याला तपासात खरा रस आहे त्याच्या दृष्टीने तर ही भरपाई अधिकच अपुरी ठरते. चालू गुन्ह्यापासून दूर राहून जुन्या गुन्ह्यांविषयी बोलत राहणे त्याला निवृत्तीसारखे वाटते. महाविद्यालयीन अध्यापकांना ही स्थिती अनोळखी वाटू नये.

नव्या संहिता आणि जुना उस्ताद :

डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी घालून दिलेल्या नियमांनी प्रशिक्षकाच्या अनुभवाची एकदा कसोटी घेतली होती. दुसरी आणि अधिक व्यापक कसोटी १ जुलै २०२४ रोजी आली. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम त्या दिवशी लागू झाले आणि देशभरच्या प्रशिक्षकांना प्रथम स्वतःच विद्यार्थी व्हावे लागले. मराठीत ‘तीनशे दोन’ हा शब्दच खुनाला पर्याय झाला होता. नव्या संहितेत खून कलम १०३ मध्ये गेला असून कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांविषयी आहे. तीस वर्षे तोंडपाठ असलेल्या क्रमांकांना त्यामुळे अर्थ उरला नाही. झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण कलम १०५ ने आवश्यक केले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आली; ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा आहे. पंचनामा हा केवळ लेखणीचा विषय उरला नसून ठाण्यात बसून घटनास्थळाचे वर्णन करण्याची जुनी सोय चित्रीकरणासमोर टिकणे कठीण आहे. पुरावा कायद्याच्या कलम २७ चा आशय मात्र साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात कायम राहिला असून, प्रशिक्षण केंद्रांतील जुन्या उस्तादांना त्यापुरते नवे काही शिकावे लागलेले नाही.