होळीचा सण, हामानाचे कान

अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातील बेने इस्राएल समाजाची जुनी सणावळ वाचताना आपण प्रथम थबकतो. तीत हिब्रू नावे जवळजवळ नाहीतच. नव्याचा सण, खिरीचा सण, अनाशी ढाकायचा सण. आणि पुरीमला तर चक्क होळीचा सण! किहीमवरून आडनाव पडलेल्या हाइम सॅम्युएल केहीमकरांनी ही नावे आपल्या इंग्रजी इतिहासग्रंथात नोंदवली. ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला; छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला. खीर, आठ दिवस झाकून ठेवायचे आंबट रसाचे भांडे... ही पंचांगाची भाषा नव्हे, चुलीपाशी बसून सण मोजणाऱ्यांची आहे.

पुरीम हा एस्तेर राणीच्या कथेचा सण. इराणी दरबारातील हामान या मंत्र्याने ज्यूंच्या कत्तलीचा बेत केला आणि तो त्याच्यावरच उलटला. या सणाला कोकणातील ज्यू घरांतून पुरणपोळी होते. ‘शेजारच्या हिंदूंचा प्रभाव’ असा शेरा मारून आम्हीही बरीच वर्षे पुढे जात होतो. तो शेरा अपुरा वाटू लागला, तो बोहेमियातील एका खटल्यामुळे.

बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. मध्य युरोपातील ज्यू पुरीमला तिकोनी, आत सारण भरलेली बिस्किटे भाजत. सारण मूळचे खसखशीचे. ‘खसखशीचा खिसा’ या अर्थाच्या शब्दातून ‘हामानाचा खिसा’ झाला, अशी व्युत्पत्ती दिली जाते. १७३१ मध्ये म्लादा बोलेस्लाव या गावी डेव्हिड ब्रांडाइस नावाच्या ज्यू दुकानदारावर आळ आला, की त्याच्या दुकानातील आलुबुखाराचा मुरंबा खाऊन एक ख्रिस्ती गृहस्थ विषबाधेने दगावला. तो माणूस क्षयाने गेल्याचे निष्पन्न झाल्यावर ब्रांडाइस सुटला, आणि त्याच्या घराण्यात ‘मुरंब्याचा पुरीम’ पाळला जाऊ लागला. या बिस्किटांत मुरंबा तेव्हापासून आला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या मुरंब्याला कोणी ‘चेक प्रभाव’ म्हणून नाक मुरडत नाही. मग पुरणालाच वेगळा न्याय का?

उलट कोकणात धर्माचा कस लागला तोच स्वयंपाकघरात. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले. खवले आणि पर नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले, तेव्हा ही मंडळी ज्यू असल्याची त्याची खात्री पटली. नववर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो, कारण मांसाच्या जेवणावर दूध वर्ज्य. कोचीचे शिक्षक एकोणिसाव्या शतकात आले. नारळाचा हा तोडगा काढायला ग्रंथ उघडावा लागला असेल असे आम्हांला वाटत नाही.

केहीमकरांचे सगळेच अनुमान मात्र स्वीकारता येत नाही. जुन्या सणावळीत हनुका नाही, म्हणून पूर्वज तो सण सुरू होण्यापूर्वीच, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, इथे आले, हा युक्तिवाद लंगडा आहे. आठवण पुसली जाऊ शकते. होळीचे नावही प्राचीनतेचा पुरावा नव्हे. ते एवढेच सांगते की तिथी ध्यानात ठेवायला शेजाऱ्याची पौर्णिमा उपयोगी पडत होती.

तीही दर वर्षी नव्हे. दोन्ही पंचांगे चांद्र-सौर असली, तरी अधिक महिने वेगवेगळ्या वेळी धरतात. २०२४ मध्ये पुरीम आणि होळी २४ मार्चला एकत्र आले. २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला झाला आणि होळी २८ मार्चला पेटली. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. तिथे होळी पेटत नाही. पुरीम जवळ आला की बेकऱ्यांत तीच तिकोनी बिस्किटे मांडली जातात. हिब्रूत त्यांना खिसे म्हणत नाहीत, हामानाचे कान म्हणतात.