किनाऱ्यावरील दुभाषी

व्यापाऱ्यांना सल्ला देऊन उपजीविका करणें हा धंदा अगदीं अलीकडचा आहे, असा शहरांतील सुशिक्षित माणसाचा समज असतो. मुंबईच्या उंच इमारतींतून कारखानदारांना हिशेब, बाजारपेठ आणि कायदा यांविषयीं मसलत देणाऱ्या पेढ्यांच्या पाट्या पाहिल्या म्हणजे तो समज दृढच होतो. परंतु मालवण आणि वेंगुर्लें हीं बंदरें ज्या किनाऱ्यावर वसलीं आहेत, त्या किनाऱ्याला हा धंदा सतराव्या शतकांतच चांगला परिचित होता. नांव मात्र निराळें होतें. अशा माणसाला दुभाषी म्हणत.

वेंगुर्ल्यास डच लोकांनीं १६३७ सालीं वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करावयाची तर ठाणें त्यांच्या दाराशींच हवें, हा त्यांचा हिशेब. त्या वखारीच्या भिंती वेंगुर्ल्यास अजून पाहावयास मिळतात. उत्तरेस राजापुरीं इंग्रज येऊन बसले, आणि १६६४ सालीं मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें, तेव्हां या दर्यावर एक नवीन आणि कणखर सत्ता उभी राहिली. किनाऱ्याची पट्टी अरुंद, आणि तिच्यावर प्रत्येकाची भाषा वेगळी, नाणें वेगळें, जकातीचा दर वेगळा! गंमत अशी कीं, पोर्तुगीजांशीं स्पर्धा करणाऱ्या इंग्रज-डचांनाहि या किनाऱ्यावर व्यवहार करावा लागे तो पुष्कळदां पोर्तुगीज भाषेंतच. शंभर-सव्वाशें वर्षांच्या वहिवाटीनें तीच बंदरांची बोली होऊन बसली होती.

अशा स्थितींत गोव्यापासून मुंबईपर्यंत पसरलेल्या शेणवी घराण्यांतील हुशार माणसाला धंद्याचा मार्ग आपोआप मोकळा होई. पोर्तुगीज त्याच्या कानावरची, मोडी त्याच्या बोटांतली. होन, लारी आणि रुपया यांची वटणावळ त्याला तोंडपाठ. आरंभीं तो केवळ पत्रांचें भाषांतर करी; पुढें पत्रांत काय लिहावें हें सांगूं लागे; आणि अखेरीस, पत्र लिहावें कीं वाट पाहावी, हेंहि त्यालाच विचारलें जाई. भाषांतरकाराचा सल्लागार होतो तो याच पायरीवर.

मुंबईच्या इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी हा या धंद्याचा उत्तम नमुना होय. त्याच्यापुढचें काम सोपें नव्हतें. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या इंग्रजांनीं दारूगोळा घेऊन त्याला साह्य केलें होतें. व्यापाऱ्यानें दुसऱ्याच्या युद्धांत हात घालूं नये, हा साधा पोच त्यांना राहिला नाहीं. १६६१ सालीं महाराजांनीं ती वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद केले. त्यांची सुटका व्हावयास १६६३ साल उजाडलें. मग इंग्रजांनीं नुकसानीचा दावा मांडला. १६७२ सालीं उस्टिक आणि १६७३ सालीं निकल्स असे त्यांचे वकील येऊन गेले, पण तडजोड पक्की होईना.

१६७४ च्या वसंतांत नारायण शेणवी रायगडीं पोहोंचला, तों महाराजांच्या राणी काशीबाई नुकत्याच निवर्तलेल्या. दुखवट्याच्या दिवसांत पैशाची गोष्ट काढणें म्हणजे ती कायमची बिघडविणें. तो थांबला. निराजी रावजी या दरबारी मुत्सद्द्याशीं त्यानें संधान बांधलें, आणि मुंबईस पत्र धाडून कळविलें कीं, महाराज मोठें मौल्यवान सिंहासन करवीत आहेत आणि जून महिन्यांत त्यांना राज्याभिषेक होणार आहे. मुंबईकरांच्या दृष्टीनें या एका बातमीचें मोल फार होतें. कोणत्या मुहूर्तावर वकील पाठवावा, हें त्यांना तीवरून उमगलें.

त्याप्रमाणें हेन्री ऑक्झिंडन मे महिन्यांत गडावर आला. सिद्दीशीं समेट करण्याचा आग्रह धरूं नये, ही निराजीपंतांची सूचना त्याला लाभली. ६ जून रोजीं राज्याभिषेकाच्या दरबारांत ऑक्झिंडन दूर उभा राहून लवला. तेव्हां नारायण शेणव्यानें नजर करावयाची हिऱ्याची आंगठी उंच धरली. महाराजांचें लक्ष गेलें, आणि त्यांनीं दोघांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलाविलें. ही हकीकत ऑक्झिंडननें स्वतःच लिहून ठेविली आहे. हजारों माणसांच्या गर्दींत नेमक्या क्षणीं हात वर करणें ही विद्या कोणत्याहि शाळेंत शिकवीत नाहींत!

इंग्रजांनीं वीस कलमें मांडलीं होतीं. अडीच टक्के जकातीवर व्यापार आणि वखारी घालण्याची मुभा त्यांना मिळाली. राजापूरच्या नुकसानीचा आंकडा दहा हजार होनांवर ठरला. दोन कलमें मात्र महाराजांनीं नाकारलीं. इंग्रजांचें नाणें स्वराज्यांत सक्तीनें चालवावें, हें त्यांना मान्य झालें नाहीं. नाणें कसास व वजनास उतरलें तर रयत तें आपण होऊन घेईल. आणि किनाऱ्यास फुटून लागलेलीं जहाजें परत करावीं, हेंहि नाहीं. तो कोंकणच्या राज्यकर्त्यांचा जुना हक्क, इंग्रजांना सोडला तर फ्रेंच-डचहि तोच मागतील. दुभाष्याचें कौशल्य कितीहि असलें तरी समोरचा माणूस आपला लाभ ओळखणारा असेल, तर तें एका मर्यादेपलीकडे चालत नाहीं.

या धंद्याची दुसरी बाजू अर्ध्या शतकाच्या आंतच मुंबईंत दिसून आली. तेथील रामा कामत हा दुभाषी नव्हे, मोठा व्यापारी. परंतु कंपनी आणि येथील लोक यांमधील दुवा तोहि होता. तो कंपनीला शिपाई पुरवी, तिच्या मोहिमांत साह्य करी. १७१५ सालीं त्यानें वाळकेश्वराचें देऊळ पुन्हां बांधविलें, आणि १७१८ च्या नाताळांत इंग्रजांचें नवें देवालय उघडलें तेव्हां आपल्या ज्ञातिबांधवांसह दाराशीं उभा राहून तो सोहळा त्यानें कौतुकानें पाहिला. दोन्ही घरीं मान असलेला माणूस! पण दोन्ही घरीं ज्याचें येणें-जाणें असतें, त्याच्याविषयीं संशय घेणें फार सोपें असतें. कान्होजी आंगऱ्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्याच्यावर आला. १७२० सालीं गव्हर्नर बून याच्या अमदानींत त्याचा खटला चालला, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ सालीं तो तुरुंगांतच वारला. ज्या पत्रांवर खटला उभारला तीं बनावट होतीं, असें पुढील इतिहासकारांनीं दाखविलें. पण तोंपर्यंत रामा कामताला जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं.