घरखर्चाला कात्री, कर्जाला पूर्णविराम: सुरतेच्या कामगार वस्त्यांतील हिशेब

हिरे आणि कापड या दोन उद्योगांवर उभे राहिलेले सुरत शहर कष्टकऱ्याला लवकर काम देते, अशी त्याची ख्याती आहे. जगात पैलू पाडले जाणारे बहुतांश हिरे येथील कारागिरांच्या हातून जातात. सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव परिसरातून आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, साडीबाजार आणि हिऱ्यांचे कारखाने ही त्यांच्या उपजीविकेची साधने. मात्र हे शहर जितक्या लवकर काम देते, तितक्याच लवकर ते थांबवतेही. अशा वेळी घरात शिल्लक राहतात ते कर्जाचे हप्ते.

अलीकडच्या मंदीने हे प्रकर्षाने दाखवून दिले. पाश्चात्त्य बाजारातील मागणी घटली, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांचे भाव कोसळले, रशियन हिऱ्यांवर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याआधीच, मे २०२५ मध्ये, गुजरात सरकारला बेरोजगार रत्नकलाकारांच्या मुलांचे एका वर्षाचे शालेय शुल्क कमाल १३,५०० रुपयांपर्यंत भरण्याची आणि लहान कारखान्यांच्या पाच लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन वर्षे ९ टक्के व्याजसवलत देण्याची योजना जाहीर करावी लागली होती. शासकीय मदत ही आधाराची काठी असते. कर्ज मात्र घरालाच फेडावे लागते. ते लवकर कसे फिटते, काटकसर कुठे उपयोगी पडते आणि कुठे घातक ठरते, याचा हा आढावा.

पहिली पायरी: कर्जांची यादी

बहुतेक घरांत कर्ज एक नसते. बँकेचे गृहकर्ज, दुचाकीचा हप्ता, सोनेतारण, बचतगटाचे देणे, दुकानातील उधारी, भिशीची उचल आणि खाजगी सावकाराची रक्कम अशी अनेक देणी एकाच वेळी चालू असतात. कामाप्रमाणे दाम घेणाऱ्या कारागिराजवळ पगाराची पावती नसते. त्यामुळे बँकेचे दार बंद आणि सावकाराचे उघडे, अशी स्थिती होते. प्रत्येक कर्जाची शिल्लक मुद्दल, वार्षिक व्याजदर, मासिक हप्ता आणि उरलेली मुदत या चार गोष्टी एका कागदावर मांडल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

येथे सर्वाधिक फसगत ‘शेकडा’ या शब्दाने होते. ‘तीन टक्के’ हा आकडा कानाला किरकोळ वाटतो. पण तो महिन्याचा असेल तर वर्षाचा दर ३६ टक्के होतो. वर्षाला ९ टक्के दराच्या गृहकर्जाच्या तो चौपट असतो. सर्व दर वार्षिक करून लिहिले, म्हणजे खरा शत्रू कोण हे आपोआप दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्यपत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते मागून घेणे हा कर्जदाराचा हक्क आहे.

दोन हजार रुपयांचे सामर्थ्य

उदाहरणादाखल, एका कुटुंबाने सावकाराकडून ६०,००० रुपये महिना ३ टक्के दराने घेतले आहेत असे मानू. त्याचे केवळ व्याजच महिन्याला १,८०० रुपये होते. दरमहा २,५०० रुपये भरले तर कर्ज फिटायला सुमारे ४३ महिने लागतात आणि जवळपास ४७,७०० रुपये व्याजापोटी जातात. घरखर्चातून दोन हजार वाचवून हप्ता ४,५०० केला, तर तेच कर्ज १८ महिन्यांच्या आत फिटते आणि व्याज सुमारे १७,८०० रुपयांवर येते.

याउलट, हेच दोन हजार १० लाखांच्या, ९ टक्के दराच्या, २० वर्षे मुदतीच्या गृहकर्जाकडे वळवले तर मूळ ८,९९७ रुपयांचा हप्ता १०,९९७ होतो आणि कर्ज सुमारे सात वर्षे आधी संपते. व्याजात पावणेपाच लाखांच्या आसपास बचत होते. हा आकडा मोठा दिसतो, पण तो पावणेतेरा वर्षांच्या शिस्तीचे फळ आहे. म्हणून क्रम असा असावा: सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरावेत, वाचलेली प्रत्येक रक्कम सर्वांत महागड्या कर्जावर घालावी आणि ते फिटताच मोकळा झालेला संपूर्ण हप्ता पुढच्या कर्जाकडे वळवावा. मोकळ्या झालेल्या हप्त्यावर नवा मोबाइल घेणाऱ्या घरात कर्जाचे नाव बदलते, कर्ज संपत नाही.

काटकसरीआधी व्याजाची काटछाट

ताटातील घास कमी करण्याआधी कर्जाचा दर कमी करता येतो का, हे पाहणे शहाणपणाचे. वरील ६०,००० रुपयांचे कर्ज घरातील दागिने बँकेत तारण ठेवून वार्षिक १२ टक्के दराने फेडले, तर तोच २,५०० रुपयांचा हप्ता भरून साधारण २८ महिन्यांत मुक्ती मिळते आणि व्याज नऊ हजारांच्या आत राहते. एक रुपयाही अधिक न वाचवता सुमारे ३९ हजार रुपये घरात राहतात. कपाटात सोने ठेवून सावकाराचे ३६ टक्के भरणे म्हणजे त्या सोन्याचे भाडे भरणेच होय. मात्र सोनेतारणाचा हप्ता चुकल्यास दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो. तेव्हा मुद्दल दरमहा फेडण्याचा निर्धार असेल तरच हा मार्ग धरावा. महागडे कर्ज डोक्यावर असताना ७ टक्क्यांची मुदतठेव बाळगणे हाही तोट्याचाच व्यवहार.

पतपुरवठ्याची ही सहकारी परंपरा सुरतेला परकी नाही. सुरतेपासून जवळच, बडोद्यात, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. भारतातील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. सावकाराला पर्याय आपसांतील बचतीतून उभा राहतो, हा तिचा धडा आजही उपयोगी आहे.

कात्री कुठे लावावी

‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण शहराच्या खाण्याच्या शौकाची साक्ष देते. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घारी आणि फरसाणासाठी दुकानांपुढे रांगा लागतात. उत्तरायणात पतंग, मांजा, उंधियू आणि जिलेबीवर खर्च होतो. रविवारी डुमसची चौपाटी गजबजते. खान्देशी घरांत याखेरीज आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी, गावाकडची लग्ने, आहेर आणि जाण्या-येण्याचे भाडे असतेच. हे सारे बंद करा, असा उपदेश कोणीही पाळत नाही. ऋण काढून सण करू नये, एवढे मात्र पाळता येते. वर्षभरातील सण, लग्ने व प्रवास यांचा अंदाज काढून त्याचा बारावा भाग दरमहा बाजूला ठेवल्यास सणासुदीची उचल टळते. सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदार समाजाने सुरतेत सामुदायिक विवाहांची प्रथा रुजवली, तिचे एक कारण हेच होते: लग्नखर्च एकट्या घराने कमी केला तर नावे ठेवली जातात, समाजाने मिळून कमी केला तर तो पायंडा पडतो.

नेहमीच्या खर्चात दोन हजार रुपये सहसा एका ठिकाणी सापडत नाहीत. ते पाच ठिकाणी विखुरलेले असतात. कारखान्यातील तंबाखू-माव्यावर रोज ४० रुपये जात असतील तर महिन्याचे १,२०० होतात. तेथे निम्मे वाचले तर ६००. चारऐवजी दोन रविवार बाहेर, प्रत्येकी ३०० वाचले तर ६००. तयार फरसाणाऐवजी घरचा चिवडा केल्यास ४००, मोबाइल व मनोरंजनाच्या वर्गण्यांतून २५०, वीजबिलातून १५०. एकूण २,०००. ही रक्कम महिनाअखेरीस उरेल म्हणून वाट पाहू नये. मजुरी हाती येताच ती कर्जखात्यात भरावी.

कात्री कुठे लावू नये

दूध, डाळ, भाजी आणि औषधे यांना हात लावू नये. घरातील काटकसर बहुधा स्त्रीच्या ताटापासून सुरू होते. दिवसा घरकाम आणि रात्री साडीवर खडे चिकटवण्याचे काम करणाऱ्या गृहिणीचा आहार घटला, तर वाचलेले पैसे दवाखान्यात जातात. आजारपण हेच अनेक कर्जांचे मूळ असते. गुजरातमध्ये आयुष्मान योजनेचे संरक्षण २०२३ पासून प्रतिकुटुंब १० लाख रुपये आहे. ते कार्ड काढून ठेवणे ही सर्वांत स्वस्त बचत. मुलांचे शिक्षणही थांबवू नये. खाजगी शाळेचे शुल्क पेलत नसेल तर सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमासह विविध माध्यमांच्या शाळा उपलब्ध आहेत.

हिरे कारखान्यांना दिवाळीत साधारण तीन आठवड्यांची सुटी असते आणि त्या काळात मजुरी नसते. म्हणून गेल्या बारा महिन्यांतील सर्वांत कमी कमाईच्या महिन्यावर घरखर्च बेतावा. त्याहून जे अधिक मिळेल, त्यातून आधी एका महिन्याचा खर्च व हप्ते भागतील एवढी गंगाजळी उभारावी; नंतरचा सर्व जोर कर्जावर द्यावा. गंगाजळी नसलेले घर पहिल्याच अडचणीत पुन्हा सावकाराच्या दारात उभे राहते.

कायद्याचा आधार

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी शुल्क घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण होणाऱ्या, व्यक्तींनी घेतलेल्या बदलत्या दराच्या इतर कर्जांनाही रिझर्व्ह बँकेने ही मुभा दिली आहे. जादा रक्कम भरताना हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असे लेखी सांगावे. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या सूक्ष्मकर्जाबाबत २०२२ चे निर्देश स्पष्ट आहेत: सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी, मुदतपूर्व फेडीला दंड नसावा आणि वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर तगादा लावू नये.

खाजगी सावकारीसाठी गुजरातेत २०११ चा कायदा असून नोंदणी बंधनकारक आहे. जानेवारी २०२३ मध्ये राज्य पोलिसांनी व्याजखोरीविरुद्ध मोहीम उघडून ठिकठिकाणी लोकदरबार भरवले. कोऱ्या धनादेशावर वा मुद्रांकावर सही करू नये, प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी आणि ती रक्कम मुद्दलात किती वळली हे लिहून घ्यावे. मंदीच्या काळात कर्जापायी जीव गमावल्याच्या घटना सुरतेत घडल्या आहेत. कर्ज घरातल्यांपासून लपवले की ते वाढते. ते सांगितले की वाटून घेता येते. मन खचल्यास ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा चोवीस तास उपलब्ध असते.

गोव्याला ओळखीचे चित्र

एकाच उद्योगावर विसंबलेल्या घरांची ही कथा गोव्याला नवी नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील ट्रकमालकांच्या दारात ट्रक उभे होते आणि हप्ते मात्र चालू होते. सरकारला कर्जसवलत योजना आणावी लागली. ज्या घरांत कमाईच्या दिवसांतच कर्ज उतरवले गेले होते, त्यांना हा धक्का तुलनेने सोसवला.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. परंतु अंथरूण केव्हा आखडेल हे हाती नसते. काम चालू असताना वाचवलेले दोन हजार रुपये म्हणूनच मोलाचे. काम थांबल्यावर तेवढीच रक्कम वाचवायला उत्पन्नच उरत नाही.