अकरा दिवसांचे ‘जनतेचे चर्च’

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, १११वा रस्ता आणि लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, स्पॅनिशभाषक मेथडिस्टांचे चर्च होते. आठवड्यातील बहुतेक काळ ते बंदच असे. १९६९ मध्ये पोर्तो रिकन तरुणांच्या ‘यंग लॉर्ड्स’ संघटनेने तेथे जागा मागितली, ती शाळेपूर्वी वस्तीतील मुलांना मोफत न्याहारी देण्यासाठी. ही कल्पना ब्लॅक पँथर पक्षाची. चर्चने नकार दिला.

७ डिसेंबरच्या रविवारी फेलिपे लुसियानो भर प्रार्थनेत बोलण्यास उभे राहिले. पोलिसांच्या मारहाणीत त्यांचा हात मोडला; १३ जणांना अटक झाली. मागणी न्याहारीची होती, हे विसरता कामा नये.

नाताळ सरताच, २८ डिसेंबरला, तरुणांनी चर्च ताब्यात घेतले आणि त्याला ‘जनतेचे चर्च’ म्हटले. मुलांना न्याहारी मिळू लागली, कपडे वाटले गेले, आरोग्यतपासणी सुरू झाली. पोर्तो रिकोच्या इतिहासाचे वर्ग भरले. पेद्रो पिएत्री यांनी येथेच काव्यवाचन केले.

पोर्तो रिकन घरांत भेटवस्तूंचा जुना दिवस म्हणजे ६ जानेवारी, तीन राजांचा सण. आदल्या रात्री मुले राजांच्या उंटांसाठी खोक्यात गवत भरून खाटेखाली ठेवतात. (हार्लेमच्या ऐन थंडीत हिरवे गवत आणायचे तरी कोठून!) त्या वर्षी हा सण ताब्याच्या दहाव्या दिवशी आला.

दुसऱ्याच दिवशी पोलीस आले. १०५ जणांनी प्रतिकार न करता अटक करवून घेतली. ऑक्टोबर १९७० मध्ये यंग लॉर्ड्सनी हेच चर्च पुन्हा ताब्यात घेतले.